बागेच्या भिंतीतलं खिंडार

नव्या बागेची भिंत पुन्हा फुटली, तेव्हा अध्यक्षबाईंनी पट्टीसाहेबांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. अध्यक्षबाई म्हणजे नगरपालिकेच्या अध्यक्षा. निवडून येण्याआधी त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि समोरच्याने गृहपाठ केलेलाच नाही असं धरून बोलायची सवय त्यांना अजून सुटली नव्हती.

"कोण फोडतं हो ती भिंत?"

"चौकशी चालू आहे, मॅडम."

"चौकशी कसली? गवंडी जातो, बुजवून येतो, आठवडा जात नाही तोवर पुन्हा त्याच जागी भोक. चोर म्हणावं, तर चोरायला बागेत आहे काय? गवत? तुमची बाग, तुमची भिंत. तुम्हीच जा, बसा तिथे आणि मला नाव आणून द्या."

'तुमची बाग' हे त्या चिडून म्हणाल्या खऱ्या, पण पट्टीसाहेबांना ते आवडलं. बाग त्यांचीच होती. ते नगररचना विभागाचे प्रमुख. गावातली कुठली जमीन घरांना, कुठली दुकानांना, कुठली कारखान्यांना द्यायची आणि कुठली मोकळी राखायची याचा आराखडा करणं, आणि मग तो आराखडा गावापासून वाचवणं, हे त्या विभागाचं काम. पहिलं काम दोन-तीन वर्षांत उरकतं, दुसरं निवृत्तीपर्यंत पुरतं. दोन वस्त्यांच्या मधल्या त्या पडीक जागेला त्यांनी नकाशावर हिरवा रंग दिला, तेव्हा एका बिल्डरने त्यांना आधी जेवायला बोलावलं, मग कोर्टात बोलावलं. साहेब जेवायला गेले नाहीत, कोर्टात मात्र न चुकता गेले. हिरव्याचा घरांचा पिवळा होऊ दिला नाही. शेवटी जागा पालिकेची झाली, भिंत उभी राहिली, झाडं लागली. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे नेले नाहीत की कोणाला सांगितलं नाही, पण रात्री नकाशा उघडून तो हिरवा तुकडा बराच वेळ बघत बसले होते, हे त्यांच्या बायकोने पाहिलं होतं.

'पट्टीसाहेब' हे नाव अर्थातच मागून घेतलं जायचं. त्यांच्या खिशात स्टीलची एक छोटी पट्टी कायम असायची. कोणी अर्ज घेऊन आलं की ते आधी नकाशा पसरत, त्यावर पट्टी लावत आणि मगच मान वर करत. "बसत नाही," हे ठरलेलं उत्तर. त्यात लहान-मोठा, आपला-परका काही नाही. सख्ख्या मेहुण्याला राहत्या गल्लीत स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज काढायचं होतं. त्यालाही पट्टी लावून झाली. "बसत नाही." तेव्हापासून मेहुण्याने बहिणीच्या घराची पायरी चढायची सोडली. बायको त्यावर काही बोलली नाही. पण नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टांची कॉलर पुढे बरेच दिवस वाकडी येत राहिली.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टीसाहेब बागेत जाऊन बसले. खिंडार मागच्या भिंतीला होतं, माणूस तिरका झाला तर आत शिरेल एवढं. खाली कोणीतरी विटा नीट रचून पायरी केली होती. साहेबांनी सवयीने पट्टी लावून पाहिली. पायरीची उंची अगदी नियमात होती. याचा त्यांना जास्तच राग आला.

बागेला फाटक एकच, पुढच्या मोठ्या रस्त्यावर. ते तिथे का, याचं उत्तर साहेबांकडे तयार होतं. अग्निशमनाची गाडी वळायला रुंद रस्ता लागतो, आणि वॉचमन एकच असला तर फाटकही एकच हवं. बाकी तिन्ही बाजू बंद. नकाशावर कसं छान दिसत होतं.

झाडाआड बाकावर बसून ते पाहू लागले. आधी एक बाई डबा घेऊन गेली. मग एक शिंपी आला, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. ते आधी त्याने पलीकडे टाकलं आणि मागून स्वतः गेला. मग दोन नर्स हसत हसत गेल्या. कोणी इकडेतिकडे पाहत नव्हतं, कोणाच्या चेहऱ्यावर चोरटेपणा नव्हता. सगळे आपल्याच घराच्या दारातून जावं तसे जात होते. साहेब मनातल्या मनात नावं टिपत होते. तेवढ्यात फाटकाकडून एक म्हातारी आली. हातात कापडी पिशवी, गुडघ्यांवर एक एक हात ठेवत चालणं. ती विटांपाशी आली, पिशवी आधी पलीकडे ठेवली, भिंतीला हात लावून दोन क्षण दम खाल्ला, आणि सराईतासारखी तिरकी होऊन गेली.

ती त्यांची आई होती.

साहेबांनी डोक्याला हात लावला. मग ते उठले आणि तिच्या मागे निघाले. खिंडार आईच्या मापाचं होतं, त्यांच्या नव्हे. पोट आत घेऊन, शर्ट विटेला घासून, एक बटण तिथेच ठेवून नगररचना विभागाचे प्रमुख पालिकेच्या भिंतीतून पलीकडे गेले.

पलीकडे समोरच मावशीचं घर. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. आता तिच्या तोंडून येत ते नुसते आवाज, लांब, आखूड, चढे, उतरते. तिचा मुलगा आणि सून दोघं कामाला जात, दिवसभर ती एकटी असे. साहेब महिन्यातून एखाद्या रविवारी आईला स्कूटरवर घेऊन यायचे, फळं ठेवायचे, "कशी आहेस मावशी?" विचारायचे. मावशी मान हलवायची. त्या मान हलवण्यावरून त्यांचा समज झाला होता की मावशीला आता फारसं काही कळत नाही.

खिडकीतून त्यांनी आत पाहिलं. आई मावशीला उशीला टेकवून बसवत होती आणि मावशी बोलत होती. एकसारखी बोलत होती. आई मध्येच, "छे गं, तसं नाही, सून तशी वाईट नाही," म्हणत होती. मग मावशी चिडली, आई चिडली, मग दोघी अशा हसल्या की आईला डोळे पुसावे लागले. तिने घरून मऊ करून आणलेलं जेवण मावशीने एका एका चमच्याला बोलत बोलत संपवलं. मग आईने मावशीच्या मुलाला फोन लावून सांगितलं, "ती म्हणते उशी बदला, मान दुखते. तीन दिवस दुखतेय." तिला काय हवं, काय दुखतं, कोणावर राग आहे, ते जगात एकाच माणसाला कळत होतं. आणि ते माणूस रोज दुपारी भिंतीच्या भोकातून येत होतं.

साहेब लांबच्या वाटेने, मोठ्या रस्त्याने परत आले.

वाटेत त्यांना आठवलं. पाच वर्षांपूर्वी घर घेताना आईने एकच अट घातली होती, "ताईच्या जवळ असू दे." त्यांनी ऑफिसातच नकाशा काढला होता, मावशीच्या घरावर पट्टीचं एक टोक ठेवलं, दुसऱ्या टोकाशी घर निवडलं. नकाशावर ते बोटाच्या पेराएवढंही अंतर नव्हतं. तेव्हा मध्ये मोकळी जागा होती आणि पट्टी जाते तशी आईही सरळ जायची. नंतर त्याच पट्टीने त्यांनी त्या जागेभोवती चार रेघा मारल्या. मोजणीला त्यांची माणसं गेली होती ती ऑफिसच्या कामाची वेळ बघून, सकाळी उशिरा. त्यांना तिथे कोणी दिसलं नाही. रंगांच्या यादीत घराला रंग होता, दुकानाला होता, पडीक जागेलाही होता. माणसं पायांनी जातात त्या पट्ट्याला रंगच नव्हता. मग तो नकाशावर येणार कुठून?

हे सगळं कळूनही त्यांनी पुढे जे केलं, ते त्यांच्यासारखाच माणूस करू जाणे. आईला तिथे पाहिलं नसतं, तर कदाचित त्यांनी स्वतःहून दुसरं दार सुचवलं असतं. पण आता पाहिलं होतं. आता दार सुचवणं म्हणजे आईसाठी सुचवणं. मेहुण्याला नाही आणि आईला हो? गावभर लोक बोटं दाखवतील. अध्यक्षबाईंना त्यांनी सांगितलं, "नाव एक नाही, मॅडम, पुष्कळ आहेत," आणि फाइलवर शेरा लिहिला, 'भिंत अखंड ठेवावी. खिंडार काँक्रीटने बुजवावे.' लिहिताना हात थांबला होता. तरीही लिहिलं.

गवंड्याने या वेळी सळया घालून काम केलं. साहेब बघायला गेले तेव्हा तो हात धूत होता.

"आता सुरुंग लावला तरच फुटेल, साहेब."

"मग आधी का कच्चं करत होतास?"

"माझी बायको पण तिकडूनच जायची ना कामाला," गवंडी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नव्हता.

त्यानंतर घरात एक वेगळाच वास येऊ लागला. बामचा. साहेब संध्याकाळी आले की आई पाय लांब करून बसलेली आणि बायको तिच्या गुडघ्याला बाम चोळत असलेली. तीन-चार दिवस असंच चाललं. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, आई रोज मोठ्या रस्त्याने जातात. ट्रकांमधून. परत येईपर्यंत गुडघा नारळाएवढा होतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्ही सोडून."

आई म्हणाली, "हे बघ, मी भिंत फोडली नाही. माझ्या अंगात तेवढा जोर असता तर मला तुझी भिंत आडवी आलीच नसती. भोक होतं म्हणून जात होते."

"गाडी करून जात जा. पैसे मी देतो."

"एवढ्या जवळ कोणी येत नाही. विचारलं. आणि परत यायला तर मिळतच नाही. तू नको काळजी करू, हळूहळू जाते मी."

साहेब जेवायला बसले. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं, पण जेवताना रडायची त्या घरात पद्धत नव्हती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आई, आराखड्यात किरकोळ बदल करायचे आहेत, त्यासाठी सूचना मागवल्यात. कोणीही नागरिक देऊ शकतो. तू दे."

"कोणाला द्यायची?"

"नगररचना विभागाला."

"म्हणजे तुला."

"मला नाही. विभागाला."

"मग विभाग आत्ता कुठे असेल?"

साहेबांनी जरा विचार केला. "आत्ता... जेवतोय."

बायको हसली. बऱ्याच महिन्यांनी.

सुनावणी पालिकेच्या वरच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलामागे तिघांची समिती, मधोमध अध्यक्षबाई. बाजूला पट्टीसाहेब, समोर नकाशा पसरलेला. एकेक जण पुढे यायचा, आपलं म्हणणं सांगायचा, मग अध्यक्षबाई विचारायच्या, "विभागाचं मत?" आणि साहेब पट्टी लावून मत द्यायचे. मागच्या खुर्च्यांवर मेहुणाही होता. त्याने गॅरेजसाठी पुन्हा सूचना दिली होती. हट्टाला पेटलेला माणूस.

आईचा नंबर आला. ती पुढे येऊन उभी राहिली.

"बसा ना आजी," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बसले की उठायला वेळ लागतो. उभीच बरी." मग ती मुलाकडे वळली. "नमस्कार, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली.

आईचं म्हणणं छोटंसंच होतं. बाग चांगली झाली आहे, झाडांना पाणी घालतात, बसायला बाक आहेत. फक्त मागच्या बाजूला एक दार हवं. पलीकडे बहीण राहते, ती आजारी आहे, दुपारी तिच्याकडे जावं लागतं. मोठ्या रस्त्याने पाय पोहोचत नाहीत.

"विभागाचं मत?"

साहेब उठले. तेवढ्यात मागून मेहुण्याचा आवाज आला, "बाई, विभागाचं मत विचारण्याआधी ह्या विभागाच्या कोण लागतात ते विचारा ना."

हॉलमध्ये सगळ्यांनी कान टवकारले. समितीतल्या एका सदस्याने चष्मा काढून साहेबांकडे पाहिलं. पाणी कुठेतरी मुरतंय, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"माझी आई आहे," साहेब म्हणाले.

कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. आई मात्र शांत उभी होती, जसं काही हे सगळं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे.

"म्हणून या विषयात मी मत देणार नाही," साहेब पुढे म्हणाले. "पण नियमात स्थळपाहणी आहे. समितीने स्वतः जाऊन बघावं. जी वाट वापरली जाते, ती ज्या रीतीने वापरली जाते, त्याच रीतीने पाहावी, असं कलम आहे. ज्यांची सूचना असेल त्यांनी पुढे चालायचं, समितीने मागे."

"म्हणजे पायी?" चष्मेवाल्या सदस्याने विचारलं.

"पायी."

दुसऱ्याच दिवशी पाहणी ठेवली. दुपारची वेळ आईने सांगितली, कारण ती दुपारीच जाते. बागेच्या फाटकापासून वरात निघाली. पुढे आई, हातात पिशवी. मागे अध्यक्षबाई, दोन सदस्य, फाइल घेतलेले पट्टीसाहेब, आणि गंमत बघायला आलेला मेहुणा.

या रस्त्याला साहेबांनी आराखड्यात दोन्ही बाजूंना फूटपाथ दाखवला होता, छान तपकिरी रंगात. जमिनीवर तो अधूनमधूनच होता. एका जागी दुकानाची पाटी, एका जागी उभ्या स्कूटर, एका जागी गटाराचं झाकण खचलेलं. प्रत्येक ठिकाणी आई रस्त्यावर उतरायची, येणाऱ्या ट्रकला हात दाखवायची, पुन्हा वर चढायची. समितीही उतरायची, चढायची. तिच्यापुढे जाता येत नव्हतं, कारण कलम होतं. शाळेच्या सहलीतली मुलं शेवटी शेवटी चालतात तशी सगळी चालू लागली.

विजेच्या डीपीच्या कट्ट्यापाशी आई थांबली. "इथे बसते मी," तिने समितीला सांगितलं आणि बसली. समिती उन्हात उभी राहिली. मग बंद दुकानाच्या पायरीपाशी पुन्हा. तिथे पायरीला टेकून एक स्कूटर लावलेली होती. मेहुण्याने ती बाजूला ओढली आणि रुमालाने पायरी पुसली.

"काकू, बसा."

"गॅरेजचं काय झालं रे तुझं?" बसता बसता आईने विचारलं.

"बसत नाही म्हणतात."

"मला पण तेच म्हणतील बहुतेक," आई म्हणाली. मेहुण्याने तोंड फिरवलं, पण तो हसल्याचं मागून साहेबांना दिसलं.

"अजून किती आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखा वाटला.

"आता अर्धं झालं," आई म्हणाली.

वळण आलं, मग दुसरं आलं. आईचा उजवा पाय आता सरळ पडत नव्हता. साहेब सगळ्यांच्या मागे होते आणि तो पाय त्यांना प्रत्येक पावलाला दिसत होता. पुढे जाऊन तिचा हात धरावा असं त्यांना फार वाटलं. पण मग ती पाहणी राहिली नसती. त्यांनी फाइल छातीशी धरली आणि ते चालत राहिले.

मावशीचं दार नुसतं ओढलेलं होतं. आईने ढकललं आणि सगळे आत गेले. एवढी माणसं पाहून मावशी आधी दचकली, मग तिची नजर बहिणीच्या पायाकडे गेली. आणि ती बोलू लागली. मोठ्याने, रागारागाने, श्वास तुटेपर्यंत. डावा हात गादीवर आपटत होता. आई जवळ जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवू लागली.

"काय म्हणतात त्या?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

आईने आधी तिची उशी सारखी केली. "म्हणते, या, बसा."

मावशीने तिच्याकडे डोळे वटारले आणि पुन्हा एक लांबलचक काहीतरी म्हटलं.

"आणि?"

"आणि म्हणते, दार करा. लवकर करा."

अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या होत्या, चपला काढून. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर, हाकेच्या अंतरावर, बागेची भिंत होती आणि तिच्यात काँक्रीटचा नवा करडा चौकोन.

"एवढ्याशा अंतरासाठी आपण एवढा वळसा घातला?" त्या म्हणाल्या.

चष्मेवाले सदस्य खाकरले. "दार केलं तर स्कूटरी घुसतील, मॅडम. आणि कुलूप कोण लावणार, कोण काढणार?"

अध्यक्षबाईंनी सवयीने पट्टीसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मत द्यायचं नव्हतं.

"कुलूप कशाला?" दारातून मेहुणा म्हणाला. "कवाडच लावू नका. मोकळी जागा सोडा आणि आत दोन दांडे आडवे-तिरके रोवा. माणूस वळून जातो, स्कूटर अडकते. मी रोज स्कूटरी बघतो, बाई, मला माहीत आहे त्या कुठे अडकतात ते."

ते सगळ्यांना पटलं. समिती बागेच्या भिंतीत दार करायला तयार झाली आणि जाताना मात्र दारात गाडी मागवून गेली. मेहुणाही गेला. जाताना तो साहेबांना म्हणाला, "ताईला सांगा, रविवारी येतो." गॅरेजबद्दल तो काही बोलला नाही. गॅरेज अजूनही बसत नव्हतं.

आईने मावशीला जेवू घातलं, तोवर साहेब बाहेर ओट्यावर बसून राहिले. मग दोघं परत निघाली. आता पाहणी संपली होती, म्हणून त्यांनी आईचा हात धरला. डीपीच्या कट्ट्यापाशी ती बसली, तेव्हा तेही शेजारी बसले.

"आई, मावशी एवढं बोलली आणि तू दोनच शब्द सांगितलेस."

"हं."

"खरं काय म्हणाली?"

आईने गुडघा दाबला. "म्हणाली, या लोकांना सांग, हिला उन्हात चालवू नका. आणि मला म्हणाली, उद्यापासून यायचं नाही. माझं काय व्हायचं ते होईल, तुझे पाय जातील. भिंत बुजवल्यापासून रोज हेच म्हणते."

"मग 'दार करा' कोण म्हणालं?"

"मी."

"आई! ते नोंदीत जाणार आहे. रहिवाशांचं म्हणणं असा रकाना आहे त्यात."

"मग लिही ना."

"ती म्हणालीच नाही तर मी कसं लिहू?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी गणित चुकलं की ती असंच बघायची, रागाने नाही, जरा थकून. "अरे, आयुष्यभर ओळखते मी तिला. मला दमायला होईल म्हणून ती नेहमीच नको म्हणणार. लग्न झाल्यावर पण म्हणायची, एवढ्या लांब येऊ नकोस, आणि दारातच बसलेली असायची. तिला आता उठता येत नाही. सकाळी सून कामाला निघाली की ती खुणा करून करून तिला दार नुसतं ओढून जायला लावते, कुलूप लावू देत नाही. चोर येईल, असं सून म्हणते, तरी ऐकत नाही. आज आपण गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं का?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "नव्हतं."

"मग?" आई म्हणाली आणि उठायला तिने हात पुढे केला.

पाहणीची नोंद लिहायला साहेब ऑफिसात परत आले तेव्हा इमारत रिकामी होत आली होती. सगळं लिहून झालं. रस्त्याची लांबी, फूटपाथची अवस्था, थांबण्याच्या जागा. 'रहिवाशांचे म्हणणे' इथे पेन अडलं. जे मोजलं नाही ते त्यांनी उभ्या नोकरीत लिहिलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी खिशातल्या पट्टीशी चाळा केला. मग तो रकाना तसाच सोडून खाली 'पाहणीत काय आढळले' इथे लिहिलं, 'पलीकडच्या घराचे दार दुपारी कुलूप न लावता ठेवलेले आढळले. आतील व्यक्तीस उठता येत नाही. येणाऱ्यासाठी ते रोज तसे ठेवले जाते.'

सकाळी अध्यक्षबाईंनी ते वाचलं. "याचा भिंतीशी काय संबंध?"

"पाहणीत आढळलं, मॅडम."

त्यांनी पुन्हा वाचलं आणि सही केली. मग बाकीची सगळी प्रक्रिया झाली, जी व्हायची ती, आणि गवंड्याने आपलंच काँक्रीट स्वतःच शिव्या देत फोडलं. मेहुण्याने सांगितले तसे दोन दांडे रोवले गेले.

पहिल्या दिवशी साहेब पाहायला गेले नाहीत. संध्याकाळी घरी आले तेव्हा बामचा वास नव्हता. आई भाजी निवडत बसली होती. त्यांनी चप्पल काढली, हात धुतले, आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "काय म्हणाली मावशी आज?"

"काय म्हणणार?" आई म्हणाली. "म्हणाली, उशीर केलास."